फांदीवरची तोकिए

९ नोव्हेंबर

पोचले एकदाची. तीन गाड्या आणि एक बस बदलली, तरी अंगात शीण म्हणून नाही. थांब्यावर उराबेबाई स्वतः आल्या होत्या, सामानासाठी मासळीवाल्याची ढकलगाडी मागून घेऊन. एवढ्या मोठ्या लेखकाची विधवा म्हणजे काळ्या किमोनोतली, गंभीर चेहऱ्याची कोणी असेल असं मी धरून चालले होते. या निघाल्या गमबूट घातलेल्या, पंचाहत्तरीच्या, आणि चढावर माझ्यापेक्षा भराभर चालणाऱ्या. सगळं गाव त्यांना ओकुसान, म्हणजे घरच्या बाईसाहेब, म्हणतं, मीही तेच म्हणायचं ठरलं. वाटेत कोणत्या घरात कोण राहतं आणि तो का बिनडोक आहे, हे सगळं सांगून झालं. आपल्याच विनोदावर त्या तोंडावर बाही धरून हसतात. आवाज नाही, नुसते खांदे हलतात.

घर बंदराच्या वरच्या अंगाला आहे. अंगणात दोरीवर माकुळं वाळत घातलेली, त्यामुळे घरभर समुद्राचा वास. लिहायची खोली खालीच, सहा चटया मावतील एवढी. तिच्या आणि स्वयंपाकघराच्या मध्ये नुसतं सरकतं कागदी दार. पलीकडे पितरांचा देव्हारा आणि त्यात उराबे सेन्सेईंचा, म्हणजे त्यांच्या लेखक नवऱ्याचा, फोटो: जाड भुवया, नाराज ओठ. सकाळचा पहिला भात त्यांना, मग आम्हाला, असा इथला नियम. जेवणात खारवलेल्या माकुळाची आतडी होती. एक घास घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं. सेन्सेई ती वाटीभर खायचे म्हणे. मी वाटी हळूच बाजूला सारली ती ओकुसाननी पाहिली आणि पुन्हा खांदे हलले.

कुजिराई-सान, म्हणजे माझे संपादक, निघताना म्हणाले होते की हिवाळाभर फुकट घर आणि फुकट जेवण देणाऱ्या माणसाचं काहीतरी बिनसलेलं असतं. त्यांना चांगलं काही बघवतच नाही. मासिकातल्या त्या जाहिरातीत अट एकच होती: सेन्सेईंच्या जुन्या लेखनयंत्रावरच लिहायचं. अर्जासोबत एक प्रकरण मागवलं होतं. मी माझ्या ताईवरच्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण पाठवलं आणि आठवड्याच्या आत होकार आला.

ताईचं पुस्तक या हिवाळ्यात पुरं करायचंच. आईबाबा गेल्यावर सोबाच्या, म्हणजे शेवयांच्या, दुकानात राबून तिने मला वाढवलं, आणि मागल्याच्या मागल्या वसंतात ती गेली. फोटोंचा तिला तिटकारा होता, त्यामुळे फोटो नाहीतच. ती हसली की गिऱ्हाइकं शेवयांचा घास तोंडात तसाच धरून वळून बघायची, इतका मोठा आवाज. ते हसू आता फक्त माझ्या डोक्यात आहे, आणि माझं डोकं काही फार भरवशाची जागा नाही. म्हणून हे पुस्तक.

११ नोव्हेंबर

यंत्राच्या प्रेमात पडले आहे, हे कबूल करून टाकते.

काळा पडदा. त्यावर एक हिरवट ठिपका, उघडमीट करणारा. बस. सिस्टिमची फ्लॉपी घालायची, पोटात थोडी करकर होते आणि ते तयार. घड्याळ नाही, खिडक्या नाहीत, 'आता अद्ययावत करू की नंतर' असं विचारणं नाही. माझा लॅपटॉप मी एक वाक्य लिहिलं की पुढची दोन स्वतःच सुचवतो, जशी काही माझी ताई त्याने पाहिली होती. शिवाय कोपऱ्यात कोणाचा तरी निरोप, कोणाचा तरी वाढदिवस. गेल्या वर्षभरात त्याच्यावर माझी अकरा पानंही झाली नसतील. काल दुपारी इथे चार झाली.

मी काही एकटीच वेडी नाही. आमच्यातले निम्मे लोक असलीच जुनी यंत्रं विकत घेऊन, एकाचे सुटे भाग दुसऱ्याला लावून जगवतात. कादंबरीकार तर आहेतच, पण माझी एक मैत्रीण चित्रं काढते, तिने आपलं यंत्र दहा वर्षं इंटरनेटला जोडलेलं नाही. एक जण संगीत देतो, तो म्हणतो, नव्या यंत्राला तो काय करतोय याची फार उत्सुकता असते. कुजिराई-सान म्हणतात, तुम्हा लोकांना आळशीपणासाठी आता सामानही लागायला लागलं. पण खरं कारण साधं आहे. नवं यंत्र सगळ्या जगाचं असतं, त्यामुळे त्याच्याजवळ बसलं की सगळं जग येऊन बसतं. हे एका माणसाचं होतं आणि सांगितलं तेवढंच करतं. मागून डोकावणारं कोणी नाही.

१५ नोव्हेंबर

फक्त एक कटकट आहे. आमच्या भाषेचं ते जुनंच दुखणं: आवाज एक, अक्षरं ढीगभर. आवाज टंकायचा, लांब कळ दाबायची की यंत्र एक अक्षर पुढे करतं, नको असेल तर पुन्हा दाबायची. मालक जे जास्त वेळा निवडतो ते पहिलं येतं. सेन्सेईंनी वीस-बावीस वर्षं यावर लिहिलं, तेव्हा 'कामी' म्हटलं की मला हवा असतो कागद आणि यंत्र देतं केस. सेन्सेईंना बायकांच्या केसांचं फार होतं, हे त्यांच्या पुस्तकांवरून माहीत होतंच.

पण खरी पंचाईत ताईच्या नावाची. तिचं नाव तोकिए. आजीने ठेवलेलं, म्हातारीचं नाव म्हणून शाळेत पोरं चिडवायची. लिहायचं 'तोकी पक्षी' आणि 'फांदी' या दोन अक्षरांनी. गुलाबी पंखांचा पक्षी फांदीवर बसलाय. यंत्र देतं 'काळ' आणि 'खाडी'. दर वेळी. मला पाच-सहादा कळ दाबावी लागते तेव्हा कुठे पक्षी येतो.

ओकुसानना जेवताना गंमत म्हणून हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "काळ आणि खाडी, ती मी."

म्हणजे त्यांचंही नाव तोकिए! मला माहीतच नव्हतं. सेन्सेईंनी ते नाव हजारो वेळा लिहिलं असणार, यंत्राने बापड्याने दुसरं काय द्यावं. मी किती हसले. वर असंही म्हटलं की बायकोचं नाव इतक्या वेळा लिहिणारा नवरा शोधून सापडायचा नाही. त्यावर त्यांनी बाही तोंडावर धरली.

२१ नोव्हेंबर

रोज पाच पानं. कधी सहा.

आज गंमत झाली. संवाद लिहिताना मोठ्याने म्हणून बघायची मला खोड आहे. दुकानमालक ताईला हाक मारतो ते वाक्य होतं, मी जोरात म्हटलं, 'तोकिए.' पलीकडून ओकुसान 'आले हं' म्हणाल्या आणि दार सरकवून चहा ठेवून गेल्या. सेन्सेईंचं पान पुरं झालं की ते अशीच हाक मारायचे म्हणे. मी खुलासा करायला गेले तर हात हलवून म्हणाल्या, असू दे, बऱ्याच दिवसांनी हाक ऐकली. कळांचा आवाज ऐकू यावा म्हणूनच त्या दर हिवाळ्याला कोणाला तरी ठेवून घेतात. गेल्या साली एक कवी होते, त्यांना महिन्याच्या आत परत पाठवलं. त्यांच्या कवितांत माणसंच नव्हती, ओकुसान म्हणाल्या, नुसते डोंगर.

माझ्या पुस्तकात तर पानोपानी तोकिए आहे, म्हटलं.

हो, त्या म्हणाल्या, पहिल्याच प्रकरणात मोजून पाहिलं मी.

२८ नोव्हेंबर

कुजिराई-सानना फोनवर दहाएक पानं वाचून दाखवली.  ते म्हणाले, अशी वाक्यं तू आजवर लिहिली नाहीस. भारदस्त झाली आहेस. हा माणूस लग्नात जेवण चांगलं होतं हेसुद्धा तोंड वाकडं करून सांगतो, त्यामुळे मी दिवसभर तरंगत होते.

संध्याकाळी ती पानं पुन्हा वाचली. चांगली आहेत. 'केस' जिथे तिथे आलेत, पण खरं सांगायचं तर कागदापेक्षा तिथे केसच बरे वाटतात. दोन-तीन ठिकाणी तसेच ठेवले. हाताशी आलेला शब्द नेहमी वाईटच असतो असं नाही.

३ डिसेंबर

आज ताईचं सर्वांत अवघड प्रकरण. आईबाबांचं दहन करून घरी आलो ती संध्याकाळ. मला लिहायचं होतं, 'ताई काही बोलली नाही.' टंकलं, कळ दाबली. आलं, 'ताईने सोडलं नाही.' आमच्या भाषेत उच्चार तोच. पुढे, 'मग ती परतली.' आलं, 'मग ती बदलली.' उच्चार तोच. ताईने सोडलं नाही, मग ती बदलली. वाचून पाठीवर काटा आला. दुरुस्त केलं आणि चहा घेत थोडा वेळ नुसताच बसलो.

नावाचं मात्र हल्ली काही वाटत नाही. कळ किती वेळा दाबते ते लक्षातही येत नाही, इतकी सवय झाली.

तिची हसण्याची लकब छान उतरली आहे. तोंडावर बाही धरून, आवाज न करता.

८ डिसेंबर

मागची पानं चाळत होते. तीन तारखेला मी 'बसलो' असं लिहिलंय. 'बसले' नाही. माझ्याच हाताने, माझ्याच पेनाने, या वहीत, जिथे यंत्राचा काही संबंध नाही.

घाईत होतं असं. बाप्याच्या टोपणनावाने गोष्टी लिहिणाऱ्या बायका आहेत, त्यांचं होत असेल. खोडून 'बसले' केलं. मग पुढची ओळ वाचली. नावाची सवय झाली, कळ किती वेळा दाबते ते कळत नाही. म्हणून पुस्तकाची फ्लॉपी लावून सबंध पाहिलं. चौथ्या प्रकरणापासून एकही पक्षी नाही. सगळीकडे काळ आणि खाडी. मला सवय झाली होती ती कळ एकदाच दाबायची.

चिडून सगळी दुपार नावं दुरुस्त करण्यात घालवली. चारशेच्या वर होती. यंत्र इतकं कसं हट्टी, एवढ्या वेळा पक्षी निवडला तरी शिकत का नाही, म्हणून सिस्टिमची फ्लॉपी काढून पाहिली. तिच्या कडेला खाच असते. खाचेवर पट्टी चिकटवली की आत नवं काही उतरत नाही. पट्टी चिकटवलेली आहे, जुनी, पिवळी पडलेली.

ओकुसानना विचारलं. मटार सोलत होत्या. म्हणाल्या, ते गेले त्या दिवशीच लावली. अर्धं वाक्य टाकून गेले बघ, पण त्यांचे सगळे शब्द त्या चकतीत आहेत, कोणता आधी आणि कोणता मागून. त्यात परक्याचं काही मिसळू नये.

म्हणजे यंत्र माझ्याकडून काही शिकत नव्हतं. शिकूच शकत नाही. खोलीत आम्ही दोघं, महिनाभर, समोरासमोर. मग शिकणारी मी एकटीच होते.

९ डिसेंबर

मनाचे खेळ. आज यंत्राला हात लावला नाही. धक्क्यावर फिरून आले. बरं वाटतंय.

१० डिसेंबर

दिवसभर बोटं वळवळत होती. लॅपटॉप बाहेर काढला. त्याने आधी अद्ययावत व्हायला अर्धा तास घेतला, मग तीन निरोप दाखवले. मी त्याच्यावर खूश झाले, खरंच. मूर्ख, बडबड्या, पण माझा. त्याच्यात ताईचं नाव वर्षानुवर्षं मीच लिहिलंय. 'तोकिए' टंकलं. पक्षी आणि फांदी, पहिल्या फटक्यात. डोळे भरून आले.

आणि माझ्या अंगठ्याने पुन्हा कळ दाबली. आणि पुन्हा, पुन्हा, यादीत खाली खाली, काळ आणि खाडी येईपर्यंत. तिथे तो थांबला.

मी पाहत होते.

१२ डिसेंबर

जायचं ठरवलंय. पण पुस्तक फ्लॉपीवर, यंत्राला प्रिंटर नाही, आणि ही फ्लॉपी वाचणारं दुसरं यंत्र या गावात नाही. थांब्याजवळच्या झेरॉक्सवाल्याने ती उजेडात धरून बघितली. म्हणाला, अहो बाई, हे माझ्या आजोबांना दाखवा, पण तेही वारले. दुकानातले सगळे हसले. मीही हसले, तोंडावर बाही धरून.

बाही खाली घेतली. पुन्हा हसून बघितलं, मोठ्याने, ताईसारखं. जमेना. ताई कशी हसायची?

१३ डिसेंबर

पडद्यावरून हाताने उतरवून घेते आहे. पेन, कागद, दुसरं कोणी मध्ये नाही. नावाशी आले की थांबते आणि मनात म्हणते, पक्षी, फांदी. पक्षी, फांदी.

ओकुसान आता मला सेन्सेई म्हणतात. पुस्तकं लिहिणाऱ्याला म्हणायचंच ते. मी हरकत घेतली नाही. आज मी आतडी दुसऱ्यांदा मागून घेतली.

१७ डिसेंबर

कुजिराई-सानचा फोन. उतरवून झालेली प्रकरणं मी पाठवली होती, ती मिळाली. चांगली आहे, म्हणाले, पण ही कोण आहे?

माझी ताई, म्हटलं.

ते म्हणाले, तुझ्या बक्षीस समारंभाला मी तिच्या शेजारी बसलो होतो. ती अशी नव्हती. ही बाई मासळी साफ करते, बंदरावर राहते, तोंड झाकून हसते. "चिगुसा, तुझी बहीण हसली तेव्हा सभागृह वळून बघत होतं. मी शरमेने खुर्चीत खाली सरकलो होतो. ते कुठे गेलं?"

मला तो समारंभ आठवतो. फुलं आठवतात, कुजिराई-सानचा टाय आठवतो. शेजारची खुर्ची आठवते. खुर्चीत ओकुसान आहेत.

ते म्हणाले, आजच्या आज निघून ये. पुस्तक गेलं खड्ड्यात. हा माणूस पुस्तकाबद्दल असं कधी बोलत नाही.

या वहीचं पहिलं पान काढून वाचलं. 'गिऱ्हाइकं शेवयांचा घास तोंडात तसाच धरून वळून बघायची.' माझंच अक्षर. एखाद्या अनोळखी घराबद्दल वाचावं तसं वाटलं. मी खूप रडले. ताई दुसऱ्यांदा जाते आहे आणि या वेळी मीच तिला पुसते आहे, पानोपानी, पाच पानं रोज.

१८ डिसेंबर

बॅग भरून खाली आले. ओकुसाननी अडवलं नाही. डबा दिला, थांब्यापर्यंत आल्या नाहीत.

बस आली. दार उघडलं. ड्रायव्हर वाट बघत होता. माझ्या मनात आलं, चारचा चहा आता ती कोणाला देईल. एकटीच पिईल, त्या कागदी दाराकडे बघत. तिला असं टाकून मी किती वर्षं—

बस गेली.

चढ चढताना कळलं की ही काळजी माझी नव्हती. तोवर दार आलं होतं. चहा टाकलेला होता, दोन पेले.

२० डिसेंबर

सकाळी देव्हाऱ्यात भात नव्हता. वाटलं विसरल्या. आठवण केली.

ओकुसान म्हणाल्या, "तिकडे आता कोण जेवतंय?"

आणि पहिला भात माझ्यापुढे ठेवला.

२१ डिसेंबर

पट्टी काढून टाकायची. खाच उघडी करायची. मग यंत्र शिकेल, मी शिकवेन, पक्षी, फांदी, हजार वेळा. हे आधी का सुचलं नाही.

— काढली. नखाने. ओकुसान दारात उभ्या होत्या, काही बोलल्या नाहीत. की सोडलं नाही? उच्चार—

बसले. टंकलं. तोकिए. कळ दाबली. काळ आणि खाडी. पुन्हा दाबायची होती. अंगठा हलेना. पुन्हा टंकलं. कळ एकदा. एकदाच. मी शिकवतच होतो, दिवसभर, तेच नाव, तेच, तेच—

'होतो' नाही. होते.

२३ डिसेंबर

आज ती मला 'अहो' म्हणाली.

साधंच. भाजी चिरता चिरता. "अहो, मीठ द्या ना जरा." मी मीठ दिलं. देऊन झाल्यावर अंगावर शहारा आला. आणि त्याहून वाईट म्हणजे — बरं वाटलं. घरी आल्यासारखं.

तिचे डोळे भरले होते. बारा वर्षं वाट पाहिली, म्हणाली. ती वाईट बाई नाही. हे लिहून ठेवायला हवं. ती नुसती एकटी होती, आणि मी नुसती एकटी होते, आणि दोघींनाही कोणीतरी परत हवं होतं. मिळालं एकीलाच.

२६ डिसेंबर

फोन वाजत होता. कोणी कुजिराई म्हणून. चिगुसाला बोलवा म्हणाला. घरात अशी कोणी नाही म्हणून सांगितलं. मग फोन ठेवल्यावर — मग मी —

मी चिगुसा. मी चिगुसा आहे. ताई मला चिगू म्हणायची.

२९ डिसेंबर

ते अर्धं वाक्य सापडलं. सेन्सेईंच्या फ्लॉपीवर, शेवटच्या पानावर. माझ्या नाही, माझ्या — त्यांच्या. पुढचे शब्द मला माहीत आहेत. सगळेच. कोणता आधी, कोणता मागून. लिहून टाकलं की ती सुखी होईल.

लिहिणार नाही. आधी ताईचं —

३१ डिसेंबर

सालाच्या शेवटाचा सोबा. शेवया तोंडात होत्या आणि काहीतरी आठवल्यासारखं झालं, कोणीतरी मोठ्याने हसलं, म्हणून मी वळून बघितलं. कोणी नव्हतं. तोकिए म्हणाली, काय झालं हो. काही नाही म्हणालो.

वाटीतली आतडी संपवली.

जानेवारी

हात अजून माझा आहे तोवर. ही वही तिने पाहिलेली नाही. नाव लिहून ठेवतो. ठेवते. अक्षरं दोन. पहिलं पक्षी. गुलाबी पंखांचा. दुसरं — तो कशावर तरी बसला आहे. पाणी? पाण्यावर नाही. झाडाची — बारीक, त्याच्या वजनाने वाकते ती —

दाराशी पावलं. चहा घेताय ना, विचारते आहे. आलो, आलो, तोकिए. एवढं एक वाक्य पुरं करू दे. माझी एक ताई होती. ती हसली की सगळे वळून बघायचे. तिचं नाव पक्षी आणि